खणताना सापडलेली अष्टकोनी पितळी डबी: हे वैद्यकीय उपकरण आहे का?

मातीचा_वास
नमस्कार मंडळी. शनिवारी परसात झाड लावायला खड्डा खणत होतो. दोनेक फुटांवर फावडं कशावर तरी खणकन आपटलं. दगड असेल म्हणून हातानं उकरलं, तर ही वस्तू निघाली.

मुठीत मावेल एवढी आहे, पण आकाराच्या मानानं चांगलीच जड. अष्टकोनी. रुंदी साडेचार सेंटिमीटर, उंची चारच्या आसपास. फावडं लागलं तिथे पिवळं चमकतंय, म्हणजे पितळ असावं. बाकी सगळीकडे हिरवट-तपकिरी थर. खालची बाजू सपाट आहे आणि तिच्यात एकाशेजारी एक अशा बारीक, लांबट फटी आहेत. मातीनं भरल्यात, पण नऊ तरी मोजता आल्या. वर एक वाकडी दांडी, मधोमध स्क्रूचं डोकं, आणि एका बाजूला बटणासारखा उंचवटा. हलवली तर आतून काही वाजत नाही.

त्याच खड्ड्यात कोळसे, खापऱ्या, विटांचे तुकडे आणि जाड काठाच्या बाटलीची काच मिळाली. ते सगळं बादलीत टाकून ठेवलंय.

एका मित्राच्या मते हे डॉक्टरांचं जुनं हत्यार आहे. कुणी ओळखू शकेल का? आणि पितळ चमकवायची पेस्ट आणून ठेवली आहे, आज संध्याकाळी साफ करायला घेतोय. त्यानंतर चांगले फोटो टाकतो.

ठोकळा
कुलूप. जुन्या तिजोरीचं. दांडी म्हणजे कडी.

अबोली
मला तर चावीवर चालणारी संगीतपेटी वाटली. आत कंगव्यासारख्या पट्ट्या असतात ना, त्या फटींतून दिसत असतील.

संधिप्रकाश
मातीचा_वास, कृपा करून पेस्ट लावू नका! आणि ते बटण दाबू नका, दांडी ओढू नका. दोन्ही गोष्टी मनावर घ्या.

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. सविस्तर रात्री लिहिते, तोवर वस्तू कोरड्या कागदावर ठेवा आणि हात साबणानं धुवा. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच, त्यात ही वस्तू धारदार असू शकते. धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ लोटला असेल तर डॉक्टरांना विचारा.

मातीचा_वास
बापरे. पेस्टचं झाकण उघडलं होतं, बंद केलं. बटण का दाबायचं नाही?

दुरुस्तीवाला
घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून यंत्राकडे बघून सांगतो. दांडी, बटण आणि मधला स्क्रू असं त्रिकूट दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा, कोण कोणाला अडवतंय? दांडी ओढली की आतली स्प्रिंग ताणली जाते. बटण म्हणजे खटका, तो ताण धरून ठेवतो आणि दाबला की सोडतो. मधला स्क्रू कशाचं तरी अंतर कमी-जास्त करतो. कुलपाला असा स्क्रू नसतो. संगीतपेटीला स्प्रिंग असते, पण ती सावकाश सुटते, एका झटक्यात नाही.

तेव्हा ही वस्तू काहीतरी झटक्यात करते, आणि जे करते ते त्या फटींतून बाहेर येतं. यापुढचं मी सांगू शकत नाही. जाणकारांनी सांगावं.

सनावळी
दुरुस्तीवाला काकांनी कोडं अर्धं सोडवलंच. फटींतून बाहेर येतात ती पाती. हे रक्त काढायचं उपकरण आहे, इंग्रजीत त्याला स्कॅरिफिकेटर म्हणतात.

काम असं चालायचं. दांडी ओढली की आतल्या दोन दांड्यांवर बसवलेली छोटी पोलादी पाती अर्धवर्तुळ फिरून मागे जातात आणि अडकून राहतात. सपाट बाजू कातडीवर टेकवायची आणि खटका दाबायचा. सगळी पाती एकदम फटींतून बाहेर येतात, कातडी चिरतात आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा आत जातात. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपलेलं असतं. मधल्या स्क्रूनं चिरा किती खोल जाणार ते ठरतं, काही मिलिमीटरचाच खेळ.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकोणिसाव्याच्या अखेरपर्यंत ही उपकरणं वापरात होती. पाती दहा, बारा, कधी सोळा. तुमच्याकडे नऊ फटी दिसतात म्हणजे मातीखाली आणखी असणार. बारा असतील असं माझं मन सांगतं.

ठोकळा
बारा पाती! कुलूप म्हटलेलं परत घेतो.

वासरू
मी गुराढोरांचा डॉक्टर. माणसांचंच कशावरून? जनावरांचं रक्त काढायचीही हत्यारं असत. आमच्या कॉलेजात एक पितळी मुठीचं होतं, घडीच्या चाकूसारखं उघडायचं.

सनावळी
वासरू, तुम्ही म्हणता ते फ्लीम. त्यात घडी होणाऱ्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला त्रिकोणी पातं. घोड्याच्या शिरेवर ते टेकवून वर लाकडी दांडूनं ठोकायचे. ते शिर उघडण्यासाठी. तसंच एक स्प्रिंगचं लॅन्सेट असतं, त्यालाही खटका असतो, पण पातं एकच आणि तेही शिरेसाठीच.

डबीतल्या बारा पात्यांनी शीर उघडता येत नाही. त्यांनी नुसती कातडी चिरायची, म्हणजे वरवरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त येतं. त्यावर पेला लावून ते ओढून घ्यायचं. फटी अनेक आहेत म्हणून शिरेची हत्यारं मी बाद केली.

कुतूहल
मी अशा उपकरणाबद्दल ऐकलंय ज्यात सुयांचा गठ्ठा असतो. ते नसेल का हे?

सनावळी
चांगली शंका. ते बाउनशाइट यांचं. जर्मनीतले कार्ल बाउनशाइट यांनी १८४८ च्या सुमारास बाजारात आणलं. लांब दांड्याच्या टोकाला तीसेक सुया, मागे स्प्रिंग. टोचून झाल्यावर त्या जागी झोंबणारं तेल लावायचे. पण त्याचं तोंड गोल असतं आणि त्याला लांबट फटी नसतात. इथे फटी आहेत, त्यामुळे तेही बाद.

शब्दवेडी
थोडं अवांतर, पण राहवत नाही. या सगळ्याला आपल्या भाषेत शब्द आहेत हो! चिरा पाडणं म्हणजे फासण्या टाकणं आणि पेला लावून रक्त ओढणं म्हणजे तुंबडी लावणं. सनावळी यांनी केलेलं वर्णन 'फासण्या टाकून तुंबडी लावली' एवढ्या चार शब्दांत मावतं. या डबीला फासण्यांची डबी म्हणूया का?

ठोकळा
'स्वतःची तुंबडी भरणे' मधली तुंबडी हीच का?

शब्दवेडी
तुंबडी म्हणजे मुळात पोकळ केलेला भोपळा. त्यात काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं! सुश्रुतसंहितेत रक्त ओढायला तीन साधनं सांगितली आहेत: शिंग, जळू आणि अलाबु. अलाबु म्हणजे हाच भोपळा. वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा अशी वाटणीही आहे. तिथे यंत्रं १०१ आणि शस्त्रं २० मोजली आहेत. इतक्या जुन्या काळात कुणीतरी बसून हत्यारांची वर्गवारी केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

अबोली
मला हे वाचूनच कसंतरी झालं. आजारी माणसाला बारा पात्यांनी चिरायचं? किती क्रूर होते हे लोक!

शल्यक
अबोली, तुमची कळ समजते, पण 'क्रूर' या शब्दाशी मी सहमत नाही. चाळीस वर्षं शस्त्रक्रिया केल्या, आता निवृत्त आहे.

या डबीच्या आधी चिरा हातानं पाडत, एकामागून एक. दुसरी चीर येणार हे रोग्याला पहिलीच्या वेळीच कळायचं आणि तो आक्रसून जायचा. सगळ्या चिरा एका क्षणात, सारख्या खोलीच्या पडाव्यात म्हणून कुणीतरी घड्याळाच्या कारागिरीचा उपयोग केला. वेदना कमी करण्यासाठीच हे यंत्र बनलं. त्यामागची समजूत चुकीची होती, कळवळा खरा होता.

समजूत अशी की शरीरात चार रस असतात आणि त्यांचा तोल गेला की आजार होतो. हिपोक्रेटिस आणि गॅलनपासून चालत आलेला हा विचार दोन हजार वर्षं टिकला. १४ डिसेंबर १७९९ ला जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजारानं वारले, त्याआधी काही तासांत त्यांचं रक्त अनेकदा काढलं होतं. त्या काळी उत्तम समजले जाणारेच डॉक्टर होते ते.

हे थांबवायला सुरुवात झाली ती मोजण्यानं. पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रोग्यांची टिपणं ठेवली. कुणाचं रक्त आजाराच्या सुरुवातीला काढलं, कुणाचं उशिरा, कोण जगलं, कोण गेलं. फायदा समजला जात होता त्याच्या जवळपासही नव्हता. १८३५ मध्ये त्यांनी ते छापलं. रक्त काढणं लगेच थांबलं नाही, पण 'माझा अनुभव सांगतो' या वाक्यासमोर आकडे उभे राहिले. माझ्या व्यवसायातली ही सर्वांत मोठी क्रांती आहे असं मी मानतो, भूल आणि जंतुनाशकांच्याही वर.

वासरू
भुलीच्या वर? डॉक्टर, भुलीशिवाय बैलाचं पोट उघडून बघा एकदा.

शल्यक
हा हा, बैलाच्या बाबतीत शब्द मागे घेतो. माणसांच्या बाबतीत मात्र ठाम आहे.

कुतूहल
मग जळवा? त्याही तेव्हाच बंद झाल्या का?

शल्यक
उलट तेव्हा तर त्यांचा सुकाळ होता. १८३३ मध्ये फ्रान्सनं चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. आणि त्या पुन्हा परतल्या आहेत. तुटलेलं बोट जोडल्यावर त्यात रक्त शिरतं पण बाहेर पडत नाही, बोट निळं पडतं. तेव्हा जळू लावतात. अमेरिकेत २००४ मध्ये त्यांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी मिळाली. शिरेतून रक्त काढणंही उरलं आहे: शरीरात लोह साठत जाण्याचा आजार असेल किंवा तांबड्या पेशी फार वाढत असतील तर आजही तोच उपचार. गेली ती ही पात्यांची डबी. आत रक्त जायचं आणि ते साफ करणं जवळजवळ अशक्य. एकाचा आजार दुसऱ्याला जायची ती वाटच होती. पुढे पाती सुटी करता येतील असे नमुने आले, पण तोवर दिवस भरले होते.

संधिप्रकाश
उशीर झाला, माफ करा. आता जतनाचं बोलते.

पेस्ट का नको? तिच्यात खरवडणारी पूड असते. वरचा थर निघतो आणि त्याबरोबर कारागिराचा शिक्का, अक्षरं, चाकूची बारीक रेघ, सगळं जातं. शिकत असताना एका पितळी चिमट्यावर मी असाच हात चालवला. तासाभरानं तो सोन्यासारखा दिसत होता आणि त्यावरचं अर्धं नाव कायमचं गेलं होतं. ते नाव आज कुणीही वाचू शकत नाही, आणि ते माझ्या हातून झालं. म्हणून पहिल्याच दिवशी एवढ्या घाईनं लिहिलं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारं तेल, यांतलं काहीही नको.

मातीही सगळी काढू नका. फटींतल्या मातीत गंजलेल्या पात्यांचा आकार टिकून असू शकतो. डबीला चामड्याची किंवा कापडाची पेटी असेल तर तिचे धागे धातूच्या थरात अडकलेले मिळतात. बाहेरची सैल माती मऊ ब्रशनं, अडलीच तर लाकडी काडीनं. बस्स.

हिरव्या थराकडे लक्ष ठेवा. घट्ट, गुळगुळीत जंगाल धातूला सांभाळतं. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड ठिपक्याठिपक्यांनी उगवू लागली तर मातीतले क्षार आतून धातू खात आहेत असं समजा. मग वस्तू हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची आणि जाणकाराकडे न्यायची.

शिक्का शोधायचा असेल तर घासू नका. खोलीत अंधार करून टॉर्च वस्तूच्या अगदी बाजूनं, आडवी धरा. पुसट अक्षरंही सावलीमुळे वर येतात.

सनावळी
+१. आणि अक्षरं मिळाली तर इथे लगेच सांगा. लंडनचे वाइस, पॅरिसचे शारिएर असे कारागीर नाव कोरत, कधी दुकानाचा पत्ताही. दुकान हललं की पत्ता बदलतो आणि त्यावरून काळ नेमका ठरतो. शारिएर यांचं नाव तर आजही चालू आहे, कॅथेटरची जाडी मोजायची पट्टी त्यांचीच. एक मोजमाप म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर.

नाव नसेल तरी साहित्य बोलतं. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवर १८६७ मध्ये लिहिलं, त्यानंतर हत्यारं उकळणं आणि वाफेत ठेवणं रूढ होत गेलं. लाकूड, हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या मुठी हळूहळू गेल्या आणि सगळं धातूचं, निकेलचा मुलामा दिलेलं आलं. न गंजणारं पोलाद तर १९१३ नंतरचं. मातीचा_वास, पिवळ्या भागाशेजारी कुठे चांदीसारखा पापुद्रा दिसतो का?

मातीचा_वास
भिंगानं पाहिलं. पापुद्रा नाही, पिवळ्याच्या कडेला थेट हिरवं. टॉर्चनं अक्षरंही दिसली नाहीत. पण फटी मोजल्या. मऊ ब्रश फिरवल्यावर आणखी तीन उघड्या झाल्या. सहा-सहाच्या दोन रांगा, बारा!

तुमचं सगळं वाचून रात्री नीट झोप लागली नाही. खटका अजून ताणलेला असेल तर? डबी मुलांच्या हाती लागेल म्हणून उंच कपाटात ठेवली आहे.

दुरुस्तीवाला
एवढ्या वर्षांत स्प्रिंगचा जीव गेलेला असणार, पण 'असणार' यावर बोट ठेवू नये. दांडीची जागा बघा. ताणलेली असेल तर ती एका टोकाला अडकलेली दिसेल. आणखी एक करा. लहान चुंबक दोरीला बांधून फटींजवळ न्या. पितळ चुंबकाला ओळख देत नाही. ओढ जाणवली तर आत पोलाद शिल्लक आहे.

वासरू
त्यापेक्षा एक्स-रे काढा ना. आमच्याकडे जनावरांसाठी असतो तसा. ओळखीच्या पशुवैद्याला विचारा, कुत्र्याचा पाय बघतो तशी डबी बघेल.

संधिप्रकाश
वासरू, फार चांगली सूचना. आम्हीही न उघडता आत बघायला हेच करतो. मातीचा गोळा आणि गंज यांच्या आत वस्तू कशी बसली आहे ते त्यातच कळतं. तांब्या-पितळेतून किरण सहज जात नाहीत, एक-दोनदा प्रयत्न करावा लागेल.

कुतूहल
लोखंड मातीत जातं आणि पितळ राहतं, हे नेहमीच असं का?

सनावळी
ते जागेवर अवलंबून असतं. मेरी रोझ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये सांगाडा वर काढला. त्यात जहाजावरच्या शल्यवैद्याची पेटी सापडली. तिच्यातल्या हत्यारांच्या लाकडी मुठी शाबूत होत्या आणि लोखंडी पाती गळून गेली होती. समुद्राच्या गाळात हवा पोचली नाही म्हणून लाकूड टिकलं. पॉम्पेईला ज्वालामुखीच्या राखेखाली ७९ साली गाडलं गेलेलं एक घर तर 'शल्यवैद्याचं घर' म्हणूनच ओळखतात, कारण तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं मिळाली. पॉम्पेईतली स्क्रूनं उघडणारी कांस्याची तपासणीची साधनं पाहिली तर ती परवाची वाटावीत.

यात एक इशाराही आहे. ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं जहाज १७१८ मध्ये बुडालं. त्यातल्या मूत्रमार्गाच्या पिचकारीत पाऱ्याचा अंश मिळाला, गुप्तरोगावरचा त्या काळचा इलाज. म्हणून जुनी पिचकारी किंवा बंद कुपी सापडली तर हुंगू नका आणि उघडू नका.

अबोली
शल्यक काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'क्रूर' मागे घेते. पण एक सांगा, तुंबडीचा पेला कसा असायचा? मी सगळं डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करतेय.

शल्यक
काचेचा, घुमटासारखा. काठ जाड आणि गोलसर, कातडी कापली जाऊ नये म्हणून. स्पिरिटच्या दिव्यानं किंवा पेटत्या बोळ्यानं आतली हवा तापवायची आणि लगेच पाठीवर पालथा घालायचा. हवा थंड होऊन आक्रसते, कातडी वर ओढली जाते. मग पेला काढून त्या फुगलेल्या जागी डबी, आणि पुन्हा पेला. तळ सपाट करायची गरज नव्हती, कारण तो टेबलावर उभा करायचाच नव्हता.

अबोली
थांबा थांबा. धाग्याच्या सुरुवातीला 'जाड काठाच्या बाटलीची काच' आहे!! ती बाटलीचीच आहे का??

संधिप्रकाश
अबोली, शाब्बास! मी ते वाक्य वाचून पुढे गेले होते. मातीचा_वास, बादली फेकली नाही ना?

मातीचा_वास
बादली आहे. आत्ताच रिकामी केली. काचेचे तीन तुकडे एकमेकांना लागतात. काठ जाड आणि बाहेरच्या अंगाला वळलेला. तोंड साधारण पाच सेंटिमीटर. वरचा भाग गोल, घुमटासारखा, सपाट तळ नाहीच. मोठा तुकडा टेबलावर ठेवला तर कलंडतो, तळहातावर पालथा घातला तर बरोबर बसतो.

मी ती बाटली समजून फेकणार होतो.

शब्दवेडी
अंगावर काटा आला.

सनावळी
फासण्यांची डबी आणि तुंबडी एकाच खड्ड्यात! सुटी डबी भंगारात कुठूनही येऊ शकते. जोडी सापडली तर ती वापरणारा माणूस जवळपास होता असं म्हणायला जोर येतो. कोणती वस्तू किती खोलीवर आणि कशाशेजारी होती ते आजच कागदावर काढून ठेवा. आठवण दोन दिवसांत धूसर होते. आणि जुन्या वस्तू सापडल्या तर कळवण्याचे नियम बहुतेक देशांत आहेत, तुमच्याकडचे बघून घ्या. जवळच्या संग्रहालयात विचारलं तरी सांगतील.

मातीचा_वास
आज पशुवैद्यांकडे जाऊन आलो. त्यांना इतकी मजा वाटली की पैसे घेतले नाहीत. पहिलं चित्र नुसतं पांढरं आलं, दुसरं धुरकट पण कळण्याजोगं. दोन दांड्या, प्रत्येकीवर सहा पाती, टोकाला दातेरी चाकं. काही पाती निम्मी झिजली आहेत, दोन जवळजवळ नाहीतच. सगळी एकाच बाजूला आत पडलेली आहेत आणि दांडी मोकळी आहे, म्हणजे खटका सुटलेला आहे. दुरुस्तीवाला काका, तुमचं त्रिकूट अगदी तसंच दिसतं.

दुरुस्तीवाला
सुटलेला म्हणजे शेवटची चीर पाडून झाली आणि कुणी पुन्हा ताणली नाही. चित्र टाका, दाते मोजायचे आहेत.

मातीचा_वास
संध्याकाळी टाकतो. पेस्ट दुकानात परत केली. डबी आणि काच एकाच डब्यात, सिलिका जेलसोबत. झाड कुंडीतच आहे, कारण आता खड्ड्याची माती चाळतोय. आज चाळणीत एक छोटं पितळी टोपण आलं, मधे भोक असलेलं. शल्यक काका, स्पिरिटच्या दिव्याचं असेल का?

शल्यक
भोकातून वातीची नळी वर आलेली दिसते का? बाजूनं फोटो हवा.

संधिप्रकाश
आणि ब्रश मऊच.